आणि जाणार केव्हा?

जागा पाहून झाली होती, भाडे ठरले होते, अनामत किती आणि ती परत कधी मिळणार यावरही बोलणे झाले होते. म्हापशात खोर्लीच्या बाजूला असलेल्या एका जुन्या कौलारू घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, चुना लावलेल्या बाकावर मी बसले होते आणि समोर विळीवर बसून घरमालकीण चिंच फोडत होती. वय पंचाहत्तरीच्या पुढचे, अंगात फुलाफुलांचा सैल झगा, बोटे चिंचेने तपकिरी झालेली. आसपासचे सगळे तिला आंटी म्हणतात, म्हणून मीही आंटीच म्हणत होते. फेब्रुवारीतली दुपार होती, वारा पडला होता आणि चिंचोके पत्र्याच्या डब्यात पडल्याचा टणटण आवाज तेवढा येत होता. तो मध्येच थांबला. मान वर न करता आंटीने विचारले, "आनी वतलें केन्ना?"

आणि जाणार केव्हा? मला वाटले, तिची विश्रांतीची वेळ झाली असावी. मी घड्याळ पाहिले आणि निघतेच पाच मिनिटांत, असे म्हणून पर्स उचलली. आंटी हसली नाही. "तशें न्हय," ती म्हणाली, "दुकानांतल्यान." ज्या दुकानाचा उंबरठा मी अजून ओलांडलेला नव्हता, त्यातून मी बाहेर कधी पडणार, असे ती विचारत होती. करारात अकरा महिने लिहिले आहेत, असे मी सांगितले. त्यावर तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. "तें कागदाचेर. हांव तुका विचारतां."

कोकणीत वडीलधारी माणसे वयाने लहान बाईशी नपुंसकलिंगात बोलतात, मराठीत आपण लेकराला 'ते' म्हणतो तसे. 'वतलें' या रूपात ती माया आपोआप येते. त्यामुळे तो प्रश्न मला एकाच वेळी गालावरून हात फिरवल्यासारखाही वाटला आणि दार लावून घेतल्यासारखाही. आठ महिने मी जागा शोधत हिंडत होते. त्या काळात मालकांनी आणि दलालांनी मला पुष्कळ काही विचारले होते: धंदा कसला, आवाज किती, नवरा काय करतो, मूळ गाव कुठले, मासे शिजवणार का. हा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता. मी काहीतरी गुळमुळीत बोलून निघाले. स्कूटर सुरू करताना लक्षात आले की आपण तिला उत्तर दिलेलेच नाही.

माझा धंदा मसाल्यांचा आहे. सात वर्षे तो घराच्या मागच्या पडवीत, दोन अश्वशक्तीच्या छोट्या यंत्रावर चालला. शागुतीचा मसाला, रेशादसाठीची मिरची, खतखत्यात घालायची तेफळे निवडून, वाळवून दिलेली; अशी गिऱ्हाइके वाढत गेली, आणि वाढली तसा खकाणाही वाढला. मिरची दळताना उडणारी ती लाल धूळ डोळ्यांना दिसत नाही, घशाला कळते. शेजारच्या आजोबांना ठसका लागला की त्यांची सून अंगणात येऊन काही न बोलता आमच्या पडवीकडे बघत उभी राहायची. भांडण झाले असते तर एक वेळ बरे झाले असते. ते बघणे सहन होईना. शिवाय मे महिन्यात, पुरुमेंताच्या दिवसांत, सगळ्या बार्देश तालुक्याला एकाच वेळी पावसाळ्याची बेगमी करायची असते आणि माझे यंत्र तासाभरात तापून बंद पडायचे. मोठे यंत्र म्हणजे पाच अश्वशक्तीची मोटर, आणि तिला थ्री-फेज वीज. अशा यंत्राला फरशी भक्कम हवी, धूर आणि खकाणा बाहेर काढायला मागे मोकळे हवे, वर कोणी राहणारे नको, आणि मिरचीची पिशवी घेऊन आलेल्या बाईला उन्हात उभे न राहता थांबता यावे एवढी पुढे सावली हवी. शब्दांत मांडली तर ही मागणी अगदी साधी आहे. तेवढी जागा मिळायला मला एक पावसाळा, एक चवथ आणि एक नाताळ घालवावा लागला.

पहिल्यांदा पाहिला तो पर्वरीतल्या नव्या इमारतीतला गाळा. आमच्याकडे जागा चौरस मीटरमध्ये मोजतात. मुंबईहून आलेली माणसे चौरस फूट विचारतात आणि मग दोघेही फोनवर पावणेअकराने गुणत बसतात. गाळा छत्तीस मीटरचा, असे दलालाने सांगितले होते. मी माझ्या टेपने मोजला तेव्हा भिंतीपासून भिंतीपर्यंत साडेचोवीस भरले. उरलेले मीटर कुठे गेले, असे विचारल्यावर त्याने जिना, लिफ्ट, गच्ची आणि पार्किंग यांच्याकडे हाताने एक मोठा गोल काढून दाखवला. भाडे मात्र त्या सगळ्या गोलाचे होते. तेही एखाद्या वेळी मी मान्य केले असते, पण वर तीन मजले राहती घरे होती आणि माझ्या धंद्याचे नाव ऐकताच सोसायटीच्या सचिवांच्या चेहऱ्यावर मला शेजारच्या आजोबांची सून दिसली. बाहेर पडले तर महामार्गावर उड्डाणपुलाचे काम चाललेले, सगळी पर्वरी धुळीने पांढरी झालेली. एवढ्या धुळीत माझ्या चिमूटभर मिरचीचे काय ते, असा एक चिडका विचार मनात येऊन गेला.

आसगावात एक जागा पाहिली ती केवळ हौसेने. शिंपल्यांच्या खिडक्या असलेल्या मोठ्या घराचा एक कोपरा होता तो. आजूबाजूच्या तशाच घरांतून उपाहारगृहे आणि कपड्यांची महागडी दुकाने थाटलेली. दाखवणारा तरुण हिंदीत बोलत होता, त्याने भाडे सांगितले आणि मी ते वर्षाचे समजले. ते महिन्याचे होते. थिवीच्या औद्योगिक वसाहतीतली एक शेड सर्व दृष्टींनी सोयीची होती, पण ती ज्याच्या नावावर होती त्याला ती दुसऱ्याला द्यायची तर महामंडळाची परवानगी लागणार होती, आणि त्याचा आग्रह होता की आपण ती न घेता नुसते भागीदार आहोत असे दाखवू. बाजारातही एका ओळखीच्या माणसाने आपले दुकान असेच तोंडी देऊ केले. नाव त्याचे, गल्ला माझा. उद्या कोणी विचारलेच तर तू माझी भाची म्हणून सांग, असे तो म्हणाला. माझे सख्खे मामा त्याच बाजारात केळी विकतात, तेव्हा हे नाते फार दिवस टिकले नसते.

धारगळपासून पुढे पेडण्याच्या रस्त्यावर तर मी दोन दिवस नुसती फिरले. तिकडे रस्त्याला लागून गाळ्यांच्या रांगा उभ्या आहेत आणि त्यांतले कितीतरी कुलूपबंद आहेत. ५ जानेवारी २०२३ रोजी मोपाच्या विमानतळावरून विमाने उडू लागली, तेव्हापासून प्रत्येक गाळ्याला आपणही एक दिवस उडणार असे वाटू लागले आहे. एका मालकाने मला चहा पाजला, गाळा उघडून दाखवला, आत शिरलेल्या पालीबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि मग शांतपणे सांगितले की सध्या द्यायचा विचार नाही. मग दाखवलात कशाला? तुम्ही इतक्या लांबून आलात म्हणून, तो म्हणाला.

बंद शटरांकडे पाहायची सवय मला या शोधातच लागली. गंजाची रेघ कुठून सुरू झाली आहे, कुलपाच्या तोंडावर तेलाचा डाग आहे की कोळ्याचे जाळे, खालच्या फटीतून आत ढकललेली विजेची बिले किती जुनी, यावरून जागा किती वर्षे बंद आहे याचा अंदाज येऊ लागला. जागा मिळत नाही म्हणून मी वणवण करत होते आणि गावोगाव जागा रिकाम्या होत्या. सुरुवातीला मला हा शुद्ध माज वाटला. भाडे येत असताना कोण कशाला कुलूप लावून बसेल? मग हळूहळू ध्यानात आले की ही माणसे भाड्यावर पाणी सोडत आहेत ती भीतीपोटी. एक जण स्पष्टच म्हणाला, "रिकामी जागा माझी असते. दिलेली जागा कुणाची, ते कोर्ट ठरवते."

या भीतीला गोव्यात इतिहास आहे. १९६८ च्या इमारत भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला सहजासहजी काढता येणार नाही आणि भाडेही मनाला येईल तसे वाढवता येणार नाही, अशी तजवीज केली. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत घर करून राहिलेल्या मुंडकाराला संरक्षण दिले. ज्यांच्या आज्यापणज्यांना भाटकाराच्या एका शब्दावर चूल उचलावी लागे, त्यांच्यासाठी हे कायदे म्हणजे डोक्यावरचे छप्पर होते, आणि ते व्हायलाच हवे होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण घरोघरी त्या कायद्यांच्या दोन कथा सांगितल्या जातात. एका घरात आपण कसे वाचलो ते सांगतात, आणि दुसऱ्या घरात आपण दिले आणि ते गेले ते कसे, हे सांगतात. म्हणून आता कोणी सरळ भाडेपट्टा करत नाही. सगळे 'लीव्ह अँड लायसन्स' करतात, म्हणजे जागेत हक्क काही नाही, वापरायची नुसती मुभा. भाडेपट्टा कशाला म्हणायचे हे सांगणारा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आणि ही मुभा सांगणारा सुविधाधिकाराचा कायदा, दोन्ही १८८२ सालचे. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून मुदत अकरा महिन्यांची. माझ्या वकीलबाईंनी हे समजावून सांगितले आणि वर म्हणाल्या, कागदाच्या डोक्यावर काय लिहिले आहे तेवढ्यावर न्यायालय थांबत नाही, आत काय लिहिले आहे आणि ताबा खरोखर कोणाकडे होता तेही पाहते. तेव्हा मालक घाबरणारच.

मी मान डोलावली. आंटीच्या प्रश्नाने मला दोन रात्री झोप का लागली नाही, ते मी वकीलबाईंना सांगितले नाही.

माझ्या वडिलांचे म्हापशाच्या बाजाराजवळच्या एका बोळात घड्याळ दुरुस्तीचे दुकान होते. अडीच मीटर रुंद, चार मीटर खोल. पुढे काचेची पेटी, मागे भिंतीवर बंद पडलेली घड्याळे, प्रत्येकात वेगळी वेळ. १९६९ साली त्यांनी तो गाळा महिना पस्तीस रुपये भाड्याने घेतला. मालक शाळामास्तर होते. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी ते छत्री टेकत यायचे, बाकावर बसायचे, पावती फाडायचे, एक चहा घ्यायचे. मी शाळेतून परस्पर दुकानात जायची तेव्हा त्यांना पाहिलेले आहे. ते मला नेहमी पाढे विचारत. पुढे त्यांच्या मुलाला औषधांचे दुकान काढायचे होते आणि ते चहा संपल्यावर बाबांना विचारू लागले, "मग, यंदा तरी?" बाबा डोळ्याला लावलेले भिंग न काढता, हातातला चिमटा न ठेवता म्हणत, "पळोवया, मास्तर." बघू या. हा शब्द आमच्याकडे नकार नसतो आणि होकार तर मुळीच नसतो. मास्तर छत्री उचलून निघून जात. पाढे विचारायचे त्यांनी कधी सोडून दिले ते मला आठवत नाही.

नंतर मास्तरांनी भाडे घेणे थांबवले. कुणी तरी त्यांना तसा सल्ला दिला असावा. बाबांनाही कुणी तरी सल्ला दिला: भाडे थकले असे उद्या कोणी म्हणू नये म्हणून दर महिन्याला मनिऑर्डर करायची. माझे अक्षर चांगले म्हणून फॉर्म मी भरत असे. पाठवणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, रक्कम अंकी आणि अक्षरी, आणि खाली मजकुराला ठेवलेल्या एवढ्याशा जागेत 'चालू महिन्याचे दुकानभाडे'. पोस्टापासून मास्तरांचे घर पाच मिनिटांवर होते. काही दिवसांनी पैसे परत यायचे आणि फॉर्मवर पोस्टमनने शेरा मारलेला असायचा, घेण्यास नकार. बाबा तो फॉर्म एका हिरव्या फाइलीत लावून ठेवत. ती फाइल जाड होत गेली. मला त्या वयात ती आमच्या सचोटीची फाइल वाटे. आम्ही पैसे देतो आहोत आणि ते घेत नाहीत, यात वाईट कोण हे उघडच होते. बाजारात मास्तर समोरून आले तर मी दुसऱ्या बाजूने जाऊ लागले.

मास्तर गेले. मुलांनी दावा लावला, तो रेंगाळला, आणि शेवटी तिथे इमारत बांधायला आलेल्या माणसाने २००७ साली बाबांना चार लाख रुपये देऊन गाळा मोकळा करून घेतला. पस्तीस रुपयांनी सुरू झालेले आणि पुढे कधी साठाच्या वर न गेलेले भाडे, तेही पुढची वर्षे परतच येत राहिलेले, आणि अडतीस वर्षांनी वर चार लाख. त्यांतून आमच्या घराचे छप्पर झाले, भावाचे शिक्षण झाले आणि उरले ते माझ्या नावाने बँकेत राहिले. बाबा आता नाहीत. मी त्यांच्यावर रागावू शकत नाही. त्या अडीच मीटरांवर आमची पाच माणसे जेवली आणि दुसरे दुकान मिळवण्याची त्यांची ऐपत कधीच नव्हती. आईला एकदा विचारले तर ती म्हणाली, "दुकान आपले नव्हते हे त्यांना ठाऊक होते गं. पण रोज सकाळी शटर वर करणाऱ्या माणसाला ते किती दिवस ठाऊक राहणार?"

आंटीला द्यायची अनामत मी त्याच ठेवीतून काढणार होते.

आंटीची जागा म्हणजे घराच्या रस्त्याकडच्या अंगाला काढलेली एक लांबट खोली. तिच्या सासऱ्यांनी तिथे पसरो चालवला, मग नवऱ्याने. नारळ, गूळ, साबण, रॉकेल, उधारीची वही. नवरा गेल्यावर ती बंद झाली त्याला नऊ वर्षे झाली होती. कुलूप उघडताच आतून दमट गोणपाटाचा आणि जुन्या गुळाचा वास आला. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती हातभर जाड, वर मंगळुरी कौले, मागे न्हाणीघराकडे जाणारी मोकळी जागा. खकाण्याला जायला वाट. घराला लागून असली तरी घरपट्टीच्या पावतीवर खोली दुकान म्हणून लागलेली होती, आणि एवढ्या एका ओळीवर माझा जीव भांड्यात पडला. मी फरशीवर टाच आपटून पाहिली. तिने विचारले, काय करतेस? फरशी यंत्राला पेलेल का ते पाहते, असे मी सांगितल्यावर ती अभिमानाने म्हणाली की तिथे एके काळी मिठाच्या तीस गोणी असत.

कागद मात्र सासऱ्यांच्या नावावर. शहराच्या सर्व्हेत पी. टी. शीट आणि चलता नंबर, म्हणजे नकाशाचा आणि जागेचा क्रमांक, पाहून उतारा काढला, तर त्यावर अजून तेच मृत गृहस्थ विराजमान. वाटणीची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली न्यायालयीन वाटणी, कधी झालीच नव्हती. आमच्याकडे हे घरोघरी असते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा कुटुंबाविषयीचा भाग अजून लागू आहे, लग्न झाले की सहसा नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते, त्यामुळे वारसाबरोबर त्याचा जोडीदारही येतो. मुलगा आणि सून इंग्लंडमध्ये स्विंडनला, मुलगी आणि जावई दोह्याला. वकीलबाई म्हणाल्या, अकरा महिन्यांच्या मुभेसाठी इतक्या सह्या कोणी घेत नाही, पण उद्या एखादा उभा राहून मला विचारले नव्हते असे म्हणाला तर तुमची मोटर उचलून कुठे नेणार? मग संमतिपत्रे मागवली. त्यात दीड महिना गेला. दुसरा गुंता असा की व्यापार परवान्यासाठी करारनामा आणि मालकाचा ना हरकत दाखला लागतो, वीज जोडणीचा भार वाढवायलाही मालकाची संमती लागते, आणि आंटीच्या मुलाचे फोनवर म्हणणे असे की आधी परवाना मिळतो का ते बघा, मग सही करू. शेवटी परवाना किंवा थ्री-फेज नाकारली गेली तर करार रद्द आणि अनामत परत, असे कलम घातले. हिशेबनीसाने आणखी एक बजावले: माझी उलाढाल वाढून मी जीएसटीची नोंदणी घेतली आणि आंटी बिननोंदणीचीच राहिली, तर १० ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमाने तिच्या भाड्यावरचे अठरा टक्के मीच भरायचे. ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आणि पान उलटले.

सहीच्या दिवशी आंटीने काळा चष्मा आणि ठेवणीतला झगा घातला होता. करार १५ फेब्रुवारी ते १४ जानेवारी. वकीलबाई कलमे वाचत होत्या, आंटी पंख्याकडे पाहत होती. मुदत संपल्यावर जागा मोकळी करून देण्याचे कलम आले तेव्हा मी मध्येच म्हटले, आंटी, तुम्ही विचारले होते ना, त्याचे उत्तर हे. चौदा जानेवारी. तुम्हाला पुढे द्यायची नसेल तर त्या दिवशी संध्याकाळी किल्ली तुमच्या हातात. हे मी वाजवीपेक्षा मोठ्या आवाजात बोलले असावे, कारण वकीलबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. आंटीने सही केली. सही करताना ती प्रत्येक अक्षर वेगळे काढते, शाळेत शिकवल्यासारखे. मग म्हणाली, आत भिंतीवर देव्हाऱ्यासारखी फळी आहे, तिच्यावर सेग्राद कोरासांवची, येशूच्या पवित्र हृदयाची, तसबीर आहे, ती नवऱ्याने लावलेली आहे, ती काढायची नाही. मी म्हटले, नाही काढणार. ती तसबीर अजून तिथे आहे. दर शनिवारी मी तिच्या काचेवरची मिरचीची धूळ ओल्या फडक्याने पुसते. खाली माझा गणपती आहे, त्याचीही पुसते. दोघांनाही ठसका लागत नाही, एवढे बरे आहे.

पहिला मोसम चांगला गेला. मार्चमध्ये काणकोणातल्या खोल्याची मिरची दळायला येऊ लागली; तिला २०२० साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून भाव असा चढा की गिऱ्हाईक पिशवीचे तोंड उघडून आधी मला ती दाखवते आणि मग नजर न हलवता यंत्रापाशी उभे राहते, मधली चिमूटभर कुठे जाऊ नये म्हणून. मे महिन्यात रांग बाल्कांवापर्यंत जायची. आंटी आत बसून खोकायची, पण खिडकी लावायची नाही. तिला माणसांचा आवाज हवा असायचा. भाडे मी हातात नेऊन देत असे. ती शाळेच्या वहीत तारीख लिहायची आणि मला पावती म्हणून त्याच वहीच्या पानाचा तुकडा फाडून द्यायची. ते तुकडे मी एका फाइलीत लावले. बाजारात फाइल घेताना दुकानदाराने विचारले, कोणता रंग? मी निळा सांगितला.

नाताळाच्या आधी मुलगा आणि सून स्विंडनहून आले. उंच, हसतमुख, आईचीच जिवणी. दोन दिवस तो दुकानासमोर सिगारेट ओढत उभा राहायचा आणि दर्शनी भाग न्याहाळायचा. मी इतक्या जागा पाहिल्या आहेत की मोजणारी नजर मला ओळखू येते. २३ डिसेंबरला दुपारी आंटी ताट घेऊन दुकानात आली. दोदोल, नेवऱ्या, बेबिंकाचे दोन तुकडे, वर विणलेला रुमाल. मी चाळण साफ करत होते. तिने ताट काउंटरवर ठेवले, तसबिरीकडे पाहून कपाळाला आणि छातीला बोटे लावली. मग म्हणाली, मुलगा इथे कॅफे काढायचे म्हणतो आहे. कायमचा येईन म्हणतो. तिच्या आवाजात आनंद होता आणि तो ती माझ्यासमोर दाबून धरत होती. "जानेवारी चवदा, न्हय गे?"

चौदा जानेवारी म्हणजे मिरचीच्या मोसमाला दीड महिना. मोटर बसवलेला चौथरा, थ्री-फेजचा मीटर, आठ महिने हिंडून मिळालेली ती मागची मोकळी जागा. चाळणीच्या जाळीत मिरचीचे एक बी अडकले होते. ते सुईने काढता काढता, मान वर न करता मी म्हटले, "पळोवया, आंटी."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग बरे म्हणून गेली. बी निघाले, मी चाळण दिव्याकडे धरून पाहिली, आणि तेव्हा कुठे माझ्या कानांना ते ऐकू आले. मी हात तसेच लाल घेऊन बाहेर धावले. एक वाजून गेला होता. आंटीचे दार लागले होते, खिडकीचा पडदा ओढला होता. या वेळी गोव्यात कोणी कोणाचे दार ठोठावत नाही.

दुसऱ्याचे ताट रिकामे परत करायचे नसते. संध्याकाळी मी शागुतीचा ताजा मसाला पाव किलो वजन करून पुडीत भरला, ताट धुऊन पुसले, पुडी त्यात ठेवली आणि वर तिचा तो विणलेला रुमाल घातला. ताट अजून काउंटरवर आहे.